माळावरचे झाड आणि पुण्याचा हिशेब

वृक्षारोपण हे पुण्यकर्म आहे, याविषयी भारतीय धर्मपरंपरेत फारसा मतभेद आढळत नाही. विहीर, तलाव, धर्मशाळा आणि आमराई यांची निर्मिती धर्मशास्त्राने ‘पूर्त’ कर्मांत गणली, म्हणजे यज्ञादी ‘इष्ट’ कर्मांच्या जोडीने गृहस्थाने लोकांसाठी जी कामे करावयाची त्यांत तिला स्थान दिले. पुराणांनी तर एका झाडाची थोरवी पुत्रांहूनही अधिक मानली. या जुन्या श्रद्धेला आता शासनाच्या योजनांची जोड मिळाली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये चेन्नईलगतच्या वंडलूर येथे हरित तमिळनाडू अभियानाचा प्रारंभ झाला आणि राज्यातील वनांखालील व झाडांखालील क्षेत्र सुमारे २४ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट ठरले; देशाचा एक तृतीयांश भाग वनाच्छादित असावा हे सूत्र त्याआधीच १९५२ आणि १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणांनी रूढ केले होते. हेतू शुद्ध आहे आणि लोकांचा उत्साहही खरा आहे. तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो मुळात धर्माचा प्रश्न आहे: झाड जेथे लावायचे ती जागा हजारो वर्षांचे कुरण असेल, आणि झाडामुळे त्या कुरणाच्या मातीतला साठा विस्कटणार असेल, तर त्या कर्माचे पुण्य शिल्लक राहते का? या प्रश्नाचे उत्तर केवळ शास्त्रवचनांतून मिळणार नाही आणि केवळ मृदाशास्त्रातूनही मिळणार नाही. दोहोंना एकत्र बसवूनच त्याचा विचार करावा लागेल.

गवत आपल्या कमाईचा मोठा वाटा जमिनीखाली ठेवते, म्हणून वरवर पाहून कुरणाची किंमत करता येत नाही. झाड हवेतून घेतलेला कार्बन खोड आणि फांद्यांच्या रूपाने वर्षानुवर्षे जमिनीवर साठवते. गवताची पाती मात्र चरली जातात, वाळतात, वणव्यात जळतात, आणि पावसाळ्यात पुन्हा फुटण्याचे बळ त्याला मुळांतूनच गोळा करावे लागते. गवताची बारीक मुळे सतत मरतात आणि त्यांच्या जागी नवी येतात, जिवंत मुळांतून साखरेसारखी द्रव्ये पाझरत राहतात, त्यांवर जिवाणू व बुरशी पोसल्या जातात, आणि या सूक्ष्मजीवांचे मृत अवशेष चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसतात. सजीवांपासून आलेल्या आणि मातीत टिकून राहिलेल्या या कार्बनाला मृदाशास्त्र सेंद्रिय कार्बन म्हणते. जुन्या कुरणातले एक ढेकूळ हातात घेऊन हलकेच फोडले, तर ते बारीक रव्यांत मोडते आणि त्या रव्यांभोवती केसासारखी मुळे गुंडाळलेली दिसतात. असा रवा पाण्यात टाकला तर तो बराच वेळ आकार टिकवतो, उलट वर्षानुवर्षे नांगरटीखाली असलेल्या रानातले कोरडे ढेकूळ पाण्यात पडताच विरते आणि पाणी गढूळ होते. मातीला बांधून ठेवणारे द्रव्य एका ठिकाणी शाबूत आहे आणि दुसऱ्या ठिकाणी खर्ची पडले आहे, एवढाच या दोन ढेकळांतला फरक असतो.

या साठ्यात कार्बन एकटा नसतो. मातीतील मुरलेल्या सेंद्रिय द्रव्यात दर दहा-बारा भाग कार्बनामागे साधारण एक भाग नत्र असते, आणि हे प्रमाण बरेचसे स्थिर असल्यामुळे एकाची गळती झाली की दुसऱ्याचीही होते. स्थिरावलेल्या कुरणात नत्र क्वचितच मोकळे सुटते: मुळे, सूक्ष्मजीव, चरणारी जनावरे आणि त्यांचे शेण-मूत्र यांच्यातून ते फिरत राहते आणि फार थोडे बाहेर जाते. जगातील जमिनींच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १,५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे, म्हणजे वातावरण आणि सर्व वनस्पती यांच्यातील कार्बनाची बेरीज केली तरी मातीतला साठा अधिक भरतो, असे मृदाशास्त्रज्ञांचे अनुमान आहे. या साठ्याचा मोठा भाग गवताळ प्रदेशांच्या पोटात आहे.

जमिनीचा वापर बदलला की हा हिशेब बिघडतो. नांगराने रवे फुटतात, आत जपून राहिलेल्या द्रव्यापर्यंत हवा पोचते, सूक्ष्मजीव ते झपाट्याने कुजवतात, कार्बन वायुरूपाने उडून जातो आणि त्याला जोडलेले नत्र पिकांना घेता येईल अशा नायट्रेटच्या रूपात मोकळे होते. म्हणूनच नव्याने मोडलेल्या कुरणात पहिली काही पिके खत न घालताही जोमदार येतात आणि शेतकऱ्याला जमीन कसदार असल्याचा भास होतो. वस्तुतः तो व्याज खात नसून मुद्दलाला हात घालत असतो. जे नत्र पीक उचलत नाही त्याचा काही भाग पावसाच्या पाण्याबरोबर खाली झिरपतो, तर काही भाग नायट्रस ऑक्साइड बनून हवेत जातो, आणि हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता रोखतो. एल. बी. गुओ आणि आर. एम. गिफर्ड या संशोधकांनी २००२ मध्ये ७४ प्रकाशित अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा कुरणाचे शेत झाले असता मातीतील कार्बन सरासरी ५९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. शेताचे पुन्हा कुरण केले असता वाढ झाली ती मात्र १९ टक्क्यांची. जाणे वेगाने होते आणि येणे संथ होते, हा या विषयातला सर्वांत गंभीर नियम आहे.

झाडांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. त्याच विश्लेषणात कुरणावर लागवडीचे जंगल उभे केले असता मातीतील कार्बन सरासरी १० टक्क्यांनी कमी झाला होता, परंतु ही घट मुख्यतः पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांखाली होती आणि रुंदपर्णी झाडांखाली ती फारशी दिसली नाही. रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील गवताळ प्रदेशात झाडे-झुडपे शिरल्याचे परिणाम तपासले आणि त्याच वर्षी प्रसिद्ध केले. कोरड्या जागी मातीतील कार्बन व नत्र वाढले, तर अधिक पावसाच्या जागी दोन्ही घटले, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे झाड सर्वत्र सारखेच हितकारक असते हा समज टिकत नाही, तसेच झाड कुरणाला सर्वत्र मारकच असते असेही म्हणता येत नाही. जागा, पाऊस, झाडाची जात आणि मातीचा इतिहास यांवर फळ ठरते.

येथे एक जुना ज्ञानमीमांसेचा प्रश्न उभा राहतो. एखादी वस्तू नाही, हे कसे कळते? भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी यासाठी ‘अनुपलब्धि’ हे स्वतंत्र प्रमाण मानले: वस्तू जाणवत नाही यावरून तिचा अभाव कळतो. मात्र त्यांनी त्याला एक अट घातली. वस्तू तेथे असती तर ती जाणवण्याजोगी होती, अशी स्थिती असेल तरच न जाणवणे हा अभावाचा पुरावा ठरतो. टेबलावर घट दिसत नाही म्हणून तो तेथे नाही असे म्हणता येते, पण अंधाऱ्या खोलीत तो दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. कुरणाकडे पाहून ‘येथे काही नाही’ म्हणणारा माणूस नेमकी हीच अट मोडतो. तेथे जे आहे ते बव्हंशी जमिनीखाली आणि डोळ्यांना अगोचर आहे, त्यामुळे त्याचे न दिसणे काहीच सिद्ध करत नाही. माळ रिकामा असल्याचा निर्णय हा ज्ञानाचा दोष आहे, आणि त्या दोषावर उभे राहिलेले कर्म हेतू चांगला असूनही आंधळे राहते.

हा दोष मद्रास इलाख्याच्या कारभारात शासकीय धोरण बनून बसला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक यांनी श्रमातून मालकी उत्पन्न होते असा सिद्धान्त मांडला आणि निसर्गावर सोडलेल्या, नांगर वा गुरचराई यांनी न सुधारलेल्या जमिनीला वाया गेलेली जमीन ठरवले. महसुलाच्या कारभारातही जिच्यातून सारा येत नाही ती जमीन उणीच लेखली जाई. थॉमस मन्रो यांच्या नावाशी जोडल्या गेलेल्या रयतवारी पद्धतीत कसलेल्या शेतांवर सारा बसे, आणि गायरान, तळ्याचा काठ, स्मशान, वाटा अशा सामाईक जमिनी पोरंबोक या सदरात जात, म्हणजे सारा न देणाऱ्या आणि सर्वांच्या वापराच्या. सदर मुळात सामाईक हक्काचे रक्षण करणारे होते, पण जे कर देत नाही ते निरुपयोगी अशी दृष्टी रुजल्यावर त्याच जमिनी इतर कामांसाठी सर्वांत आधी हाती लागू लागल्या. चेन्नईच्या दक्षिणेची पळ्ळिकरणै दलदल दीर्घकाळ अशाच दृष्टीने पाहिली गेली. तिच्या काठावर शहराचा कचरा साठत राहिला, आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला तोपर्यंत तिचा मोठा भाग हातचा गेला होता.

या दृष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण निलगिरी पर्वताच्या माथ्यावर घडले. तेथे दऱ्याखोऱ्यांत ‘शोला’ नावाची बुटकी सदाहरित जंगले आणि त्यांच्यामधल्या उतारांवर विस्तीर्ण गवत अशी रचना आहे. मद्रास सरकारने १८५६ मध्ये ह्यू क्लेगहॉर्न यांना वनसंरक्षक नेमले आणि १८८२ मध्ये डीट्रिख ब्रँडिस यांच्या मार्गदर्शनाखाली मद्रास वन कायदा झाला, पण त्याआधीच, १८४० च्या दशकात, उटकमंडच्या वसाहतीला सरपण हवे म्हणून ऑस्ट्रेलियातील वॅटल आणि युकॅलिप्टस तेथे आणले गेले होते. स्वातंत्र्यानंतर ही लागवड उद्योगांसाठी कितीतरी वाढली: वॅटलच्या सालीतून कातडी कमावण्याचे टॅनिन मिळे आणि युकॅलिप्टसच्या लाकडातून कृत्रिम धाग्याचा लगदा. उतार हिरवेगार झाले, म्हणून ही सुधारणा मानली गेली. वॅटल हे शेंगवर्गीय झाड असल्याने मुळांवरील जिवाणूंच्या साहाय्याने ते हवेतील नत्र मातीत आणते. वरकरणी हा लाभ वाटतो, परंतु निलगिरीचे गवत कमी नत्रावर जगायला सरावलेले असते आणि मातीत नत्र वाढले की त्याला दाबून टाकणाऱ्या तणांचे फावते. नत्राची भर येथे संपत्ती ठरत नाही, कारण ती ज्याच्या घरात पडली त्यालाच घराबाहेर काढते.

हे गवत म्हणजे जंगल तोडल्यावर उरलेला उजाडपणा आहे, असा युक्तिवाद दीर्घकाळ केला गेला. त्याचे उत्तर मातीनेच दिले. निलगिरीच्या पाणथळ जागी वनस्पतींचे अवशेष अर्धवट कुजून पीट नावाचा काळा थर थरावर थर साचत आला आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते आणि झाडे यांच्या अंगात कार्बनाच्या जड व हलक्या अणूंचे प्रमाण वेगवेगळे असते, त्यामुळे पीटच्या थरांतील कार्बन तपासला की कोणत्या काळी तेथे काय वाढत होते ते कळते. रामन सुकुमार, आर. रमेश आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या कोरड्या हिमकाळात या पर्वतावर गवताचे प्राबल्य होते आणि पुढे हवामान ओलसर झाले तसे झाडांचे प्रमाण वाढले. कुऱ्हाडीचा येथे काही संबंध येण्याच्या फार आधीपासून गवत येथे नांदत होते.

त्या गवताभोवती एक संपूर्ण धर्मही उभा होता. निलगिरीच्या तोडा लोकांच्या श्रद्धेत पवित्र म्हशींचे दूध ज्या दुग्धालयात घुसळले जाते तेच देवालय असते. तेथे केवळ दीक्षित पुजाऱ्याला प्रवेश असतो, आणि त्याची कमानदार वास्तू पाणथळ कुरणात वाढणाऱ्या विशिष्ट गवताने शाकारली जाते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दुग्धालयांच्या विधींचे तपशीलवार वर्णन आढळते. ज्या उतारावर लागवड करणाऱ्याला रिकामी जागा दिसली, त्याच उतारावर तोडा माणसाला देवाची म्हैस चरताना दिसत होती आणि देवालयाचे छप्पर उगवताना दिसत होते. म्हणजे एका समाजाचे पूर्तकर्म दुसऱ्या समाजाच्या गाभाऱ्यावर झाले.

धर्मशास्त्रात या पेचावर विचार करण्याची साधने आहेत. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना देश, काळ आणि पात्र यांचा विवेक ही सात्त्विक दानाची खूण मानली आहे आणि तो विवेक नसलेले दान तामस ठरवले आहे. झाड लावणे हे भूमीला दिलेले दान मानले तर तीच कसोटी त्यालाही लागू पडते. धुपून गेलेला डोंगर, उन्हात तापणारा रस्ता, डिसेंबर २०१६ च्या वरदा वादळात झाडे गमावलेली चेन्नईची वस्ती ही योग्य पात्रे आहेत. प्राचीन कुरण हे पात्र नाही, कारण त्याला त्या दानाची उणीव नाही. अजाणता घडलेल्या कर्मात कर्त्याचा हेतू त्याला काही अंशी सोडवतो, हे बहुतेक धर्मविचारांना मान्य आहे. परंतु जाणण्याची साधने हाताशी असताना न जाणणे हा प्रमाद आहे, आणि मातीची परीक्षा करता येत असताना ती न करता रोप लावणाऱ्याला हेतूची ढाल पुरत नाही.

नुकसानभरपाईच्या वनीकरणात हा पेच अधिक तीव्र होतो. खाण, धरण वा रस्ता यांसाठी नैसर्गिक जंगल तोडले की त्याच्या बदल्यात अन्यत्र झाडे लावावीत, अशी तरतूद आहे आणि तिच्या निधीसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. ही एका अर्थाने प्रायश्चित्ताची व्यवस्था आहे. परंतु प्रायश्चित्ताचा भार ज्याने दोष केला त्याने सोसायचा असतो. भरपाईची झाडे कुरणावर लावली गेली, तर जंगलाच्या हानीचे मोल निरपराध कुरणाला, तेथल्या काळविटाला आणि मेंढपाळाला मोजावे लागते. अशा ठिकाणी एका पापाच्या निष्कृतीतून दुसरे पाप जन्माला येते.

याविरुद्ध एक वजनदार आक्षेप घेता येतो. माणसाला अन्न हवे, भूमिहीनाला जमीन हवी, आणि कुरणे मोडल्याशिवाय शेतीचा विस्तार झालाच नसता. मातीतील कार्बनाची चिंता ही पोट भरलेल्यांची चिंता नव्हे काय? जैन विचाराने हा ताण फार पूर्वी ओळखला होता. मातीच जिचे शरीर आहे अशा पृथ्वीकायिक जीवांचे अस्तित्व तो मानतो आणि जमीन फोडण्याचा व्यवसाय श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत मोजतो, तरीही तमिळनाडूतील तमिळ जैन समाज पिढ्यान् पिढ्या मुख्यतः शेतीवरच जगला. यातून शेती त्याज्य ठरत नाही. शेतीतही हिंसा आहे आणि म्हणून तिला मर्यादा हवी, एवढा बोध मिळतो. तैत्तिरीय उपनिषदाने पृथ्वीपासून वनस्पती, वनस्पतींपासून अन्न आणि अन्नापासून पुरुष असा जो क्रम लावला आहे, त्यातही माणूस शेवटी येतो आणि जे आधी आहे त्याच्या ऋणात राहतो.

ही मर्यादा अर्थशास्त्राच्या भाषेत जे. सी. कुमारप्पा यांनी मांडली. १८९२ मध्ये तंजावर येथे जन्मलेल्या आणि लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेल्या या विचारवंताने पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम उभे केले आणि तुरुंगवासात लिहिलेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात टिकाऊ अर्थव्यवस्थेचा विचार केला. खनिजासारखा उपसला की संपणारा साठा आणि निसर्गात सतत नवा होत राहणारा प्रवाह यांत त्यांनी भेद केला, आणि माणसाने शक्यतो प्रवाहावर जगावे असे सांगितले. मातीतील कार्बन व नत्र यांना ही दृष्टी विशेष लागू पडते, कारण ते एकाच वेळी साठाही आहेत आणि प्रवाहही. मेंढपाळाची जुनी रीत हा प्रवाहावर जगण्याचा नमुना आहे. महाराष्ट्राच्या माळांवर चरलेली मेंढरे धनगर रात्री शेतकऱ्याच्या रानात बसवतो, तमिळनाडूतही ‘किडै’ या नावाने हीच पद्धत चालते. माळाचे नत्र लेंडी आणि मूत्राच्या रूपाने शेतात पोचते, शेतकरी मोबदल्यात धान्य वा पैसे देतो, आणि माळ न मोडता शेताला खत मिळते. अन्नाचा प्रश्न आणि कुरणाचे रक्षण या दोन गोष्टी परस्परविरोधी असल्याच पाहिजेत असे नाही, हे या व्यवहारातून सिद्ध होते.

खुद्द चेन्नई शहरातही हा विचार कसाला लागतो. गिंडीचे राष्ट्रीय उद्यान तीन चौरस किलोमीटरहूनही लहान आहे आणि तेथील काळविटांना दाट झाडीत राहता येत नाही, त्यांना मोकळे गवत लागते. उद्यानातील पोलो मैदानासारखे गवताळ पट्टे झाडोऱ्याने भरत गेले तर शहर अधिक हिरवे दिसेल आणि काळवीट मात्र बेघर होईल. निलगिरी व पळणी पर्वतांवरील वॅटल आणि इतर आक्रमक झाडे हटवण्याचे आदेश मद्रास उच्च न्यायालयाने दिले आहेत आणि तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये आक्रमक वनस्पती व परिसंस्था-पुनर्स्थापनेचे धोरणही स्वीकारले आहे. हे स्वागतार्ह आहे, पण झाड कापले म्हणून कुरण परत येत नाही. मातीत वॅटलचे बी दीर्घकाळ टिकून राहते, वाढलेले नत्र तणांना पोसते, आणि विस्कटलेले रवे पुन्हा बांधले जायला माणसाच्या आयुष्याहून अधिक काळ लागू शकतो. म्हणून मोडलेले कुरण सुधारण्यापेक्षा शाबूत असलेले राखणे याला धर्मदृष्ट्या अग्रक्रम मिळाला पाहिजे.

पूर्तकर्माच्या परंपरेत या अग्रक्रमाला आधारही सापडतो. नवे देवालय वा तलाव बांधण्याहून जुन्याचा जीर्णोद्धार अधिक पुण्यकारक, असे धर्मशास्त्र मानत आले आहे, कारण त्यात पूर्वजांच्या कर्माचा मान राखला जातो आणि कर्ता स्वतःचे नाव पुढे करत नाही. कुरण राखण्यात कोणाच्या नावाची पाटी लागत नाही, मोजायला रोपे नसतात, समारंभ होत नाही. चराई मर्यादित ठेवणे, तण काढणे, नांगर व रोपे दोन्ही आवरून धरणे एवढेच त्याचे विधी असतात. तरीही ज्या साठ्यावर पुढच्या पिढ्यांचे अन्न आणि हवामान अवलंबून आहे, त्याचे रक्षण त्यातूनच घडते. म्हणून पूर्तकर्मांच्या यादीत वृक्षारोपणाच्या शेजारी कुरणाचे जतन उघडपणे नोंदवले गेले पाहिजे, आणि जेथे या दोहोंत विरोध येईल तेथे माती तपासून, तेथे पिढ्यान् पिढ्या गुरे चारणाऱ्यांना विचारून, झाडाने माघार घेतली पाहिजे.